हाँगकाँगचा विमानसेवा करार वर्गात बसवताना: प्रकल्प नोंदी

१५ जून २०२४

पुण्यातल्या एका विधी महाविद्यालयात मी आंतरराष्ट्रीय कायदा शिकवते. यंदा तिसऱ्या वर्षाच्या २४ मुलांसाठी मूट कोर्टाऐवजी (म्हणजे लुटुपुटीच्या खटल्याऐवजी) दोन दिवसांच्या अभिरूप वाटाघाटी घ्यायचं ठरवलं आहे. विषय आहे हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे जाण्याआधी तिथल्या सरकारने परदेशांशी केलेले विमानसेवा करार, म्हणजे कुणाची विमानं कुणाकडे आणि किती उतरायची हे ठरवणारे करार. उद्या कुणाला आपल्या वर्गात हाच खेळ बसवायचा असेल, तर माझे वाया गेलेले तास तरी त्याचे वाचावेत, म्हणून या नोंदी.

हाच विषय का? १ जुलै १९९७ च्या मध्यरात्री हाँगकाँगवरचा झेंडा बदलला आणि काई ताक विमानतळावर दुसऱ्या दिवशी विमानं नेहमीसारखी उतरली. प्रवाशाला काही जाणवलंच नाही. ते न जाणवण्यामागे अकरा वर्षांची फायलींची कामं होती. युद्ध, तह, शरणागती हे सगळं मुलांना पाठ असतं. हे असलं काम त्यांनी कधी हातात धरून पाहिलेलं नसतं. मला ते त्यांच्या हातात द्यायचं आहे.

२२ जून

कागद गोळा केले. १९ डिसेंबर १९८४ ला बीजिंगमध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचर आणि चीनचे पंतप्रधान झाओ झियांग यांनी सही केलेल्या संयुक्त जाहीरनाम्याचं (हाँगकाँग चीनला परत देण्याच्या कराराचं) पहिलं परिशिष्ट, त्यातला नववा विभाग नागरी विमान वाहतुकीचा. ४ एप्रिल १९९० ला चीनच्या संसदेने मंजूर केलेला हाँगकाँगचा मूलभूत कायदा, त्यातली कलमं १२८ ते १३५. दोन्ही सहज मिळतात. ही आठ कलमं आणि तो एक विभाग, एवढं नीट वाचलं की खेळाचा पाया तयार होतो. मी आधी भाराभर लेख वाचत बसले आणि त्यात चार संध्याकाळी गेल्या. मूळ मजकूर आधी वाचा, बाकीचं नंतर.

पाठ करावी अशी वाटणी एवढीच: जी सेवा चीनच्या मुख्य भूमीत कुठेही उतरते तिचा करार बीजिंग करणार. जी उतरत नाही तिचा करार हाँगकाँगचं सरकार करणार, पण बीजिंगने दिलेल्या खास अधिकारपत्रावर. जुने करार चालू ठेवणं, बदलणं, नवे करणं, आणि करारच नसेल तिथे तात्पुरती व्यवस्था करणं, हे सगळं त्यात आलं.

३० जून

आज दोन्ही पालख्या पुण्यात. रस्ते बंद, म्हणून दिवसभर घरीच बसून भूमिकांचे कागद मराठीत केले. वर्गात मुलं इंग्रजीत वाचतात पण वाद मराठीत घालतात, तेव्हा शब्द मराठीत असलेच पाहिजेत. ‘आद्याक्षरी करणं’ (म्हणजे सहीआधी मसुद्यावर नावाची आद्याक्षरं घालून तो पक्का करणं) हा शब्द मुलांना नवीन आहे, तो ठेवला. ‘नियुक्त कंपनी’ (मार्गावर उडायला सरकारने नेमलेली), ‘मार्गसूची’ (कुठून कुठे उडायचं याची यादी), ‘क्षमता’ (म्हणजे आठवड्याला किती फेऱ्या आणि किती आसनं) हेही ठरले. संध्याकाळपर्यंत सात पानं झाली. त्यातल्या एका शब्दाने पुढे घोटाळा केला. तो १३ जुलैच्या नोंदीत आहे.

६ जुलै

पहिली तालीम. पूर्ण फसली.

मांडणी अशी होती: एका टेबलाला हाँगकाँग सरकारची आठ मुलं, समोर नेदरलँड्सची आठ, उरलेली आठ निरीक्षक. नेदरलँड्स निवडलं कारण हाँगकाँगने स्वतःच्या नावाने केलेला पहिला करार त्यांच्याशी, सप्टेंबर १९८६ मधला. मी तीन तास राखून ठेवले होते. मुलांनी चाळीस मिनिटांत मिटवलं. आठवड्याला तीन फेऱ्या तुमच्या, तीन आमच्या, दोन्हीकडून एकेक कंपनी, सह्या, टाळ्या.

मी खिन्न होऊन पुस्तकं आवरत होते. निरीक्षकांतला एक मुलगा, जो वर्गात सहसा बोलत नाही, पुढे आला. म्हणाला, “मॅडम, हाँगकाँग तर वसाहत. तिला करार करायचा अधिकार कुणी दिला? आणि लंडनने दिला असला तर १९९७ नंतर तो करार पाळणार कोण?”

सगळा विषय या दोन प्रश्नांत होता आणि नेमका तोच मी खेळातून गाळला होता.

११ जुलै

चार रात्री जागून मांडणी बदलली.

आधी पाया दुरुस्त केला. १९८४ पर्यंत हाँगकाँगचे वेगळे विमानसेवा करार नव्हतेच. ब्रिटनने जगभर जे करार केले होते त्यांतच हाँगकाँगचे मार्ग असत. अमेरिकेशी १९७७ मध्ये झालेला ‘बर्म्युडा दोन’ करार घ्या, त्यातही हाँगकाँग होतं. म्हणजे हाँगकाँगला उतरायचा हक्क लंडनच्या पटावरची सोंगटी होता. आता ही सोंगटी पटावरून उचलून स्वतंत्र पट मांडायचा होता. तोही प्रत्येक देशाबरोबर वेगवेगळा, कारण १ जुलै १९९७ नंतर ब्रिटनचे करार हाँगकाँगला लागू राहणार नव्हते आणि चीनचे करारही तिथे आपोआप लागू होणार नव्हते.

लंडनने हाँगकाँग सरकारला वाटाघाटीचा आणि सहीचा अधिकार सोपवला. पण करार १९९७ पलीकडे टिकायचा तर चीनची संमती हवी. ती घ्यायची संयुक्त संपर्क गटात. हा गट जाहीरनाम्यानेच निर्माण केला, १ जुलै १९८८ पासून त्याचं मुख्य ठाणं हाँगकाँगला होतं आणि तो १ जानेवारी २००० पर्यंत चालला. त्यात दोनच बाजू, ब्रिटिश आणि चिनी. हाँगकाँगला स्वतःची खुर्ची नाही. वाटाघाटीची तिवई, म्हणजे ब्रिटन, चीन आणि हाँगकाँग असे तीन पाय, होता कामा नये, हा चीनचा आग्रह पहिल्यापासून होता. हाँगकाँगचं म्हणणं पोचायचं ते ब्रिटिश बाजूच्या तोंडून.

म्हणून तिसरं टेबल आणलं. निरीक्षक बरखास्त. आठांपैकी चार ब्रिटिश बाजू, चार चिनी बाजू. नियम तीन केले. पहिल्या दोन टेबलांनी आद्याक्षरी केलेला मसुदा तिसऱ्या टेबलाकडे जाणार. तिथल्या दोन्ही बाजूंचा शिक्का पडल्याशिवाय सही नाही. चिनी बाजू मसुदा परत पाठवू शकते आणि कारण सांगायला बांधील नाही.

घड्याळही घातलं. वीस मिनिटं म्हणजे एक वर्ष. फळ्यावर १९८६ ते १९९७ अशी बारा चौकटींची पट्टी काढली आणि लाल खडूने शेवटच्या चौकटीच्या मध्यावर रेघ मारली. त्या रेघेपर्यंत जो मार्ग करारात आला नाही, तो बंद.

१३ जुलै

दुसरी तालीम. तीन टेबलं उत्तम चालली, पण दुसराच अपघात झाला.

नेदरलँड्सच्या गटातल्या मुलीने हाँगकाँगच्या गटाला पेचात पकडलं. “तुमची नियुक्त कंपनी कोण? जिचं मुख्य कार्यालय हाँगकाँगमध्ये आहे ती. मग उद्या कुणीही तिथे चौथ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेऊन मुख्य कार्यालय अशी पाटी लावेल आणि आमच्या ॲम्स्टरडॅमला उतरेल. आम्हाला हे मान्य नाही.” हाँगकाँगच्या मुलांकडे उत्तर नव्हतं. पुढची पन्नास मिनिटं पाटी आणि भाड्यावरच वाद.

चूक माझ्या भाषांतराची. मूळ अट अशी की कंपनी हाँगकाँगमध्ये स्थापन झालेली हवी आणि तिच्या ‘व्यवसायाचं प्रमुख स्थान’ हाँगकाँग हवं. मी घाईत त्याचं ‘मुख्य कार्यालय’ केलं. कार्यालय म्हणजे खोली. व्यवसायाचं प्रमुख स्थान म्हणजे जिथून कंपनी खरोखर चालते ती जागा. सगळ्या करारांचा कणा मीच मोडून ठेवला होता. एक पूर्ण तालीम गेली.

१४ जुलै

कालची चूक दुरुस्त करताना दिवस गेला, पण या अटीचा अर्थ मलाही आजच नीट उमगला. म्हणून सविस्तर लिहिते.

विमानसेवा करारात पूर्वापार एक कलम असतं: नियुक्त कंपनीची भरीव मालकी आणि परिणामकारक नियंत्रण त्या देशाच्या नागरिकांच्या हातात असलं पाहिजे. नसेल तर समोरचा देश परवाना नाकारू शकतो. आता हाँगकाँगची विमान कंपनी कॅथे पॅसिफिक पाहा. १९४६ मध्ये एका अमेरिकन आणि एका ऑस्ट्रेलियन वैमानिकाने, रॉय फॅरेल आणि सिडनी डी कॅन्झो यांनी, ती हाँगकाँगला काढली. १९४८ पासून ती स्वायर या ब्रिटिश घराण्याकडे. ब्रिटनच्या करारांखाली हे बिनतक्रार चालत होतं, कारण मालक ब्रिटिश आणि करार ब्रिटिश. १ जुलै १९९७ ला भूमी चीनची झाली, पण मालक ब्रिटिशच राहिले. जुनं कलम ठेवलं असतं तर कुठलाही देश म्हणू शकला असता की ही कंपनी चिनी नागरिकांच्या मालकीची नाही, उतरू नका. आणि मालकी चिनी करावी तर हाँगकाँगची कंपनी वेगळी कशाला, बीजिंगच्याच करारात बसा, असं कुणीही म्हटलं असतं.

म्हणून मालकीचा प्रश्नच बाजूला ठेवून स्थानाचा प्रश्न पुढे केला. कंपनी इथे जन्मली आहे का? इथून चालते का? बस. ही वाट ज्याने कुणी शोधली त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पुढे तिचा उपयोगही दिसला. १९९६ मध्ये कॅथेतला सिटिक पॅसिफिक या चिनी गटाच्या कंपनीचा हिस्सा २५ टक्क्यांवर गेला आणि स्वायरचा निम्म्याखाली आला. त्याच सुमारास ड्रॅगनएअर या हाँगकाँगच्याच दुसऱ्या विमान कंपनीचे सुमारे ३६ टक्के भाग चीनच्या सरकारी ‘चायना नॅशनल एव्हिएशन कॉर्पोरेशन’कडे गेले. मालकीची पारडी एवढी हलूनही या अटीला धक्का लागला नाही.

एक गोष्ट भूमिकेच्या कागदात ठळक लिहा, नाहीतर मुलं अडखळतात. ही सवलत फक्त हाँगकाँगच्या कंपन्यांना होती. समोरच्या देशाच्या कंपन्यांना जुनीच मालकीची अट. एका करारात दोन मापं. परक्या देशाच्या गटाने याला विरोध करावा, जोरात करावा. तेच अपेक्षित आहे.

‘प्रमुख स्थान’ मोजायला खेळापुरत्या चार कसोट्या मी ठरवल्या: संचालक मंडळ कुठे बसतं, ताफ्याची नोंदणी कुठे, देखभाल कुठे, बहुतेक कर्मचारी कुठे. हाँगकाँगची विमान नोंदणी हस्तांतरणानंतरही स्वतंत्र राहिली. विमानांच्या शेपटीजवळची अक्षरं तेवढी ‘व्हीआर-एच’ची ‘बी-एच’ झाली. मुलांना ही गोष्ट फार आवडते, चित्रासकट द्या.

२० जुलै

तिसरी तालीम. नवीन चूक, पुन्हा माझीच.

मार्गसूचीच्या नकाशावर मी हाँगकाँग–लंडन ही रेघ इतर आंतरराष्ट्रीय मार्गांसारखीच निळ्या रंगात काढली होती. एकाने विचारलं, मग ब्रिटन आणि हाँगकाँग यांचा करार कुठे आहे, त्याच्यासाठी चौथं टेबल का नाही?

करार नव्हताच. १९९७ पर्यंत कायद्याच्या दृष्टीने लंडन–हाँगकाँग हा देशांतर्गत मार्ग होता, जवळजवळ तेरा तासांचा देशांतर्गत प्रवास. नागरी विमान वाहतुकीच्या १९४४ च्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या सातव्या कलमाप्रमाणे आपल्याच प्रदेशातल्या दोन ठिकाणांमधली वाहतूक परक्या कंपनीला नाकारता येते. ब्रिटनने ती नाकारली. त्या मार्गावर बराच काळ ब्रिटिश एअरवेज एकटीच होती. पुढे इतरांनी अर्ज केले. मार्च १९८० मध्ये लंडनच्या नियामकाने कॅथेचा अर्ज फेटाळला. जूनमध्ये व्यापारमंत्री जॉन नॉट यांनी तो निर्णय फिरवला. त्याच वर्षी ब्रिटिश कॅलेडोनियन आणि कॅथे या दोघी त्या मार्गावर उडू लागल्या. हाँगकाँगची कंपनी लंडनला उडावी की नाही हे लंडनचा मंत्री ठरवत होता. हे ऐकून हाँगकाँगच्या गटातली मुलं खरोखर चिडली, आणि तिथून पुढे त्यांचं वाटाघाटी करणं बदललं.

झेंडा उतरला त्या क्षणी हा मार्ग आंतरराष्ट्रीय झाला. ब्रिटन आणि हाँगकाँग यांचा करार २५ जुलै १९९७ ला झाला, हस्तांतरणानंतर. आपल्याच वसाहतीशी ब्रिटन आधी सही कशी करणार? आणि याचं दुसरं टोक उत्तरेला. हाँगकाँग ते शांघाय हा मार्ग तोवर १९७९ च्या ब्रिटन–चीन कराराखाली परदेशी होता, तो एका रात्रीत एकाच देशातला झाला. तिथे ‘करार’ हा शब्द चालेना, म्हणून २००० साली मुख्य भूमी आणि हाँगकाँग यांच्यात झाली ती ‘व्यवस्था’.

नकाशा पुन्हा काढला. लंडनची रेघ १९९७ पर्यंत हिरवी, नंतर निळी. शांघायची उलट. फ्लेक्स आधीच छापून आला होता, त्याचे ६५० रुपये गेले. नकाशा आधी कागदावर काढून एका तालमीतून जाऊ द्या, मग छापा.

२५ जुलै

तालीम नाही. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्यावर सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं. वर्गातल्या दोन मुलांच्या घरी खाली पाणी आहे. बाकीची मुलं त्यांच्याकडे मदतीला गेली. बरं केलं.

२७ जुलै

मामा आले. सहारच्या कार्गोमध्ये त्यांनी २६ वर्षं काढली. पंच म्हणून बोलावलं होतं. सगळे कागद वाचून त्यांनी पहिलं वाक्य हे म्हटलं, “अगं, तुझ्या करारात माणसंच आहेत. माल कुठाय?” खरंच नव्हता. प्रवासी विमानाच्या पोटात माल जातोच, शिवाय नुसत्या मालाची विमानं वेगळी, आणि हाँगकाँगसारख्या बंदराचं अर्धं पोट त्यावर. “रात्री दोनला जे विमान उतरतं त्याच्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही, पण कंपनी त्याच्यावर जगते,” मामा म्हणाले. मार्गसूचीत मालवाहतुकीचा वेगळा रकाना घातला. त्यामुळे वाटाघाटींना एक नवीन चलन मिळालं. फेऱ्या द्यायच्या नसतील तेव्हा माल देता येतो.

‘पाचवं स्वातंत्र्य’ (एका देशाच्या विमानाने दुसऱ्या देशात प्रवासी घेऊन तिसऱ्या देशात सोडायचा हक्क) समजावताना दोन तालमी माझी दमछाक झाली होती. मामांनी एसटीवर आणून सोडवलं. हुबळीहून निघालेली कर्नाटकची गाडी पुण्यात उतारू सोडते, इथपर्यंत ठीक. ती पुण्यात नव्या सवाऱ्या घेऊन सुरतेला सोडू लागली, तर महाराष्ट्रही विचारणार आणि गुजरातही विचारणार. हे पाचवं. आणि तीच गाडी सोलापुरात माणसं चढवून पुण्यात उतरवू लागली, तर आपली एसटी गप्प बसेल का? तो लंडन–हाँगकाँगचा प्रकार. राज्यांमध्येसुद्धा परस्पर वाहतूक करार लागतोच. मुलांना पाच मिनिटांत कळलं.

तिसऱ्या टेबलाने आज पहिल्यांदा मसुदा परत पाठवला आणि बरोबर पाठवला. नेदरलँड्सने ‘हाँगकाँगमार्गे शांघाय’ असा टप्पा मागितला होता आणि हाँगकाँगने तो उदारपणे देऊन टाकला होता. तो टप्पा देणं हाँगकाँगच्या हातात नाही, मुख्य भूमीत उतरणारी सेवा बीजिंगची. जे आपलं नाही ते देऊन बसण्याची ही चूक प्रत्येक गट एकदा करतो. आधी सांगू नका, करू द्या.

चहाच्या वेळी म्हापशाच्या मुलीने गोव्याचं काढलं. पोर्तुगीजांची ‘टीएआयपी’ ही कंपनी १९५५ पासून दाबोळीहून दमण, दीव, कराचीला विमानं उडवायची. १८ डिसेंबर १९६१ ला दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब पडले आणि ते मार्ग तिथेच संपले. सार्वभौमत्व बदलताना वाटाघाटी झाल्याच नाहीत तर विमानसेवेचं काय होतं, ते आपल्या शेजारीच आहे. पुढच्या वेळी खेळाची सुरुवात याच गोष्टीने करणार.

३ ऑगस्ट

प्रत्यक्ष खेळ, पहिला दिवस.

सकाळी १९८६ पासून १९९१ पर्यंत सुरळीत. नेदरलँड्स लवकर आटोपलं. मग तेच टेबल कॅनडा झालं, खऱ्या इतिहासात तो करार जून १९८८ चा. कॅनडाच्या गटाने मालकीच्या दुहेरी मापावर जो हल्ला चढवला तो दोन महिन्यांतला सर्वांत चांगला अर्धा तास. “उद्या मुख्य भूमीतली एखादी कंपनी हाँगकाँगला दुकान थाटेल, आणि चीनला आम्ही एकदा दिलेले हक्क दुसऱ्या दारातून पुन्हा घेईल,” त्या गटातला मुलगा म्हणाला. हाँगकाँगने चार कसोट्या पुढे केल्या, वर कॅनडाला आठवड्याला एक मालवाहू फेरी दिली, आणि मिटलं.

दुपारी मी घटनांची कार्डं काढायला सुरुवात केली. सप्टेंबर १९९१, नव्या विमानतळाबाबत ब्रिटनचे पंतप्रधान जॉन मेजर आणि चीनचे पंतप्रधान ली पेंग यांची सही: सगळ्यांना दहा मिनिटं जास्त. ऑक्टोबर १९९२, हाँगकाँगचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन यांचे निवडणूक सुधारणांचे प्रस्ताव, जे चीनला मान्य नव्हते: चिनी बाजूने दोन चौकटी, म्हणजे चाळीस मिनिटं, एकाही मसुद्याला उत्तर द्यायचं नाही.

ही चाळीस मिनिटं मला स्वतःला जड गेली. ऑस्ट्रेलियाचा मसुदा पूर्ण तयार होता. दोन्ही बाजूंना तो हवा होता. निवडणुकीशी विमानाचा काही संबंध नव्हता. आणि तरी तो तिसऱ्या टेबलावर पडून. हाँगकाँगच्या गटप्रमुख मुलीने तीनदा ब्रिटिश बाजूला चिठ्ठी पाठवली. तिसऱ्यांदा ती माझ्याकडे आली, डोळ्यांत पाणी. “मॅडम, आमची काय चूक?” मी नियम बदलला नाही. प्रत्यक्षातही त्या वर्षांत संपर्क गटाचं काम रखडलंच होतं. ऑस्ट्रेलियाचा खरा करार सप्टेंबर १९९३ चा.

ज्यांना हा खेळ घ्यायचा आहे त्यांना सांगते: या कार्डाच्या आधी मधली सुट्टी देऊन ठेवा. चाळीस मिनिटं नुसती बसवून ठेवलेली मुलं एकमेकांवर घसरतात. आमच्या ब्रिटिश बाजूतले दोघं संध्याकाळपर्यंत बोलत नव्हते.

४ ऑगस्ट

दुसरा दिवस, १९९४ ते १९९७. दोन नवी टेबलं, अमेरिका आणि भारत.

भारत मुलांच्या हट्टामुळे आला. खरा करार ऑक्टोबर १९९६ चा. आपल्याला मुद्दा आयताच मिळतो, कारण एअर इंडिया १९५५ पासून हाँगकाँगमार्गे टोकियोला जात होती. म्हणजे हाँगकाँगला सवाऱ्या घेऊन टोकियोला सोडायचा हक्क पणाला. भारताच्या गटाने तो हक्क मागितला. हाँगकाँगने बदल्यात मुंबईच्या जादा फेऱ्या मागितल्या. अर्ध्या तासाने कुणाच्या तरी लक्षात आलं की जपानची संमती कुणी घेतलेलीच नाही. मामांनी लगेच बोट वर केलं, “सुरत!” सगळा वर्ग हसला आणि कलम दुरुस्त झालं.

तैवानचा प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला. चीन तैवानला वेगळा देश मानत नाही, म्हणून तिथे सरकार म्हणून सही करायला कुणीच बसू शकत नाही, आणि हाँगकाँग–तैपेई मार्ग तर अतिशय गर्दीचा. मी कार्ड काढलं: जून १९९५, चीनचे परराष्ट्रमंत्री चिएन चीछन यांनी हाँगकाँग–तैवान मार्ग ‘विशेष प्रादेशिक मार्ग’ मानायचं जाहीर केलं. पुढे काय करायचं ते मुलांवर सोपवलं. वीस मिनिटांनी त्यांनी जे आणलं ते जवळपास इतिहासासारखंच होतं. सरकारं बाजूला राहिली आणि कंपन्यांनी कंपन्यांशी करार केला. प्रत्यक्षात तो जून १९९६ मध्ये झाला. मी त्यांना काहीही सुचवलं नव्हतं. हा क्षण माझ्यासाठी सगळ्या मेहनतीची भरपाई होता.

अमेरिकेने शेवटपर्यंत ताणलं. लाल रेघेला सहा मिनिटं उरली असताना हाँगकाँगची गटप्रमुख, कालचीच मुलगी, शांतपणे म्हणाली, “रेघ ओलांडली तर आमची विमानं थांबतील हे खरं. पण तुमचीही काई ताकला उतरणार नाहीत.” आद्याक्षरी झाली, तिसऱ्या टेबलाने दोन मिनिटांत शिक्का दिला, सही झाली. खरी सही ७ एप्रिल १९९७ ची, हस्तांतरणाला तीन महिनेही उरले नव्हते. जपानची त्याच वर्षी फेब्रुवारीत.

एक हुकलं. हाँगकाँगवरून नुसतं उडून जाण्याच्या आणि इंधनासाठी उतरण्याच्या हक्काकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही, माझंही उशिरा गेलं. ब्रिटन १९४४ च्या संक्रमण करारात होतं म्हणून हाँगकाँगला तो लागू होता. चीन त्यात नव्हता आणि मुख्य भूमीला तो आजही लागू नाही. तरी चीनने कळवून तो हाँगकाँगपुरता चालू ठेवला. म्हणजे एक देश त्याच्या एका कोपऱ्यापुरता कराराने बांधला गेला. हे एक टेबल होऊ शकलं असतं.

१० ऑगस्ट

हिशेब. छायाप्रती १,८४० रुपये, वाया गेलेला फ्लेक्स ६५०, दुसरा नकाशा कागदावर १२०, लाकडी शिक्के दोन ३००, दोन दिवसांचा चहा-पोहे २,२००. एकूण ५,११० रुपये. महाविद्यालयाने ३,००० दिले, बाकी माझे. वेळ: तयारीचे साधारण ९० तास. त्यातले चुकीची मांडणी, चुकीचा शब्द आणि चुकीचा नकाशा यांत मिळून किमान ३५.

पुढच्या वेळी २४ ऐवजी २८ मुलं घेईन, म्हणजे कंपन्यांचे प्रतिनिधी वेगळे बसवता येतील. सरकारच्या गटाला मागून कानात सांगणारं कुणी नव्हतं, ती उणीव जाणवली. वीस मिनिटांचं वर्ष १९९२ पर्यंत ठीक आहे, त्यानंतर पंचवीस हवीत. चिनी बाजूच्या मुलांना भूमिकेचा कागद फार त्रोटक दिला होता. त्यांना नकार द्यायचा एवढंच ठाऊक होतं, कशासाठी ते नाही. त्यांच्या कागदात मूलभूत कायद्याची कलमं १३२ ते १३४ शब्दशः द्यायला हवीत, म्हणजे त्यांचा नकारही कायद्यातून येईल. त्या चौघांवर मी अन्याय केला. त्यांची समजूत काढली आहे.

रत्नागिरीच्या एका प्राध्यापिकेने संच मागितला आहे. सोमवारी पाठवते. त्याआधी चौथा कागद बदलायचा राहिलाय: सहीच्या वरच्या ओळीत ‘रीतसर अधिकार मिळालेलं हाँगकाँग सरकार’ एवढंच छापलं आहे. अधिकार कुणाकडून मिळाला ते त्यात घालायचं आहे, १९९७ आधीच्या प्रतीत एक नाव, नंतरच्या प्रतीत दुसरं.